कोऱ्या रक्ताच्या शोधात सुजाताताई

हैदराबादेत हिमायतनगरच्या साडीच्या दुकानात शिरल्यावर माणूस आधी भाव विचारतो. सुजाताताईंनी गादीवर बसलेल्या साठीच्या शेठजींना विचारलं, "बचपन में आपकी पप्पी कौन कौन लेते थे जी?"

शेठजींच्या हातातली मीटरपट्टी खाली पडली. माझ्या बायकोनं, मंगलनं, पदर तोंडात कोंबला. मी तातडीनं बाहेर येऊन रस्त्यावरची रहदारी बघायला लागलो. आतून ताईंचा समजावणीचा आवाज येत होता, "बुरा नक्को मानो. मेरेकू खाली इत्ताच होना, अम्मा अपने मुँह का निवाला खिलाते थे क्या?"

"अम्मा भी, दादी भी, तीनों बुआ भी," शेठजी भाबडेपणानं म्हणाले.

"फिर तो आप मेरे काम के नहीं," असं म्हणून ताई उठल्याच. साडी राहिली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "चेहऱ्यावरून वाटलं होतं हो, याचे कुणी लाड केले नसतील म्हणून. पण दुनिया फार प्रेमळ आहे, जाधव सर. त्यानंच घात केलाय माझा."

तर या आमच्या शेजारीण, डॉ. सुजाता सोनकांबळे. नल्लकुंट्यात आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत, एक आमचं आणि एक त्यांचं. सुती साडी, खाली पळायचे बूट आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे प्रयोग करताना हात न वळवता वेळ दिसते. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "टाइमच नाही मिळाला जी" म्हणतात, आपण गॅसचं बुकिंग राहिलं म्हणतो त्या सुरात. शहराच्या कडेला असलेल्या एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत त्या विषाणूंवर काम करतात. मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये फिजिक्स शिकवतो. जीवशास्त्राशी माझं नातं बारावीच्या बेडकापाशी तुटलं होतं. ते ताईंनी पुन्हा जोडलं, तेही माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझाच चहा पीत.

"नागीण माहीत आहे ना, जाधव सर?"

न माहीत असायला काय झालं? आमच्या गावाकडे कुणाला नागीण झाली की कमरेला गेरू फासायचे आणि तिचं तोंड शेपटाला जुळू नये म्हणून घरच्या बायका देव पाण्यात घालून बसायच्या. आमचा तेलुगू वॉचमन तिला सर्पी म्हणतो, पण इलाज तोच सांगतो, गेरू.

"ती नागीण, लहानपणच्या कांजिण्या, ताप उतरताना ओठाच्या कोपऱ्यात उठतो तो फोड, ही सगळी एका घराण्याची मंडळी. हर्पिस घराणं. खासियत एकच, पाव्हणा आला की जात नाही. कांजिण्या बऱ्या झाल्या म्हणून तुम्ही आनंदात असता आणि तो आत मज्जातंतूत गादी टाकून पडलेला असतो. म्हातारपणी उठतो आणि नागीण होऊन बाहेर येतो."

ताई ज्याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या तो याच घराण्यातला, पण दिसायला सगळ्यात गरीब. सायटोमेगॅलोव्हायरस. हे नाव धड उच्चारता येईपर्यंत माझा चहा दोनदा गार झाला, तेव्हा आम्ही दोघांनी त्याचं नाव नुसतं 'पाव्हणा' ठेवलं. आईच्या दुधातून, उष्ट्या घासातून, पाप्यांमधून तो बाळपणीच अंगात शिरतो. पुरळ नाही, फोड नाही, फार तर एखादा दिवस अंग कोमट लागतं. पुढे जन्मभर आपल्यात राहतो आणि आपल्याला पत्ता नसतो. धडधाकट माणसाला त्याचा त्रास नाही. पण पोटातल्या बाळाला किंवा किडनी बदललेल्या माणसाला त्यानं गाठलं तर कान, डोळे, प्रसंगी जीवही घेऊन जातो.

"मग आपल्या शरीरातले पोलीस काय करतात?" मी विचारलं.

ताईंचे डोळे असे लकाकले की मी खुर्ची मागे घेतली. त्यांनी ओट्यावरच्या वाट्या मांडल्या. वाट्या म्हणजे रक्तात गस्त घालणाऱ्या पेशी. प्रत्येक पेशीच्या अंगावर निरोप घ्यायची खिडकी. खिडकीवर निरोप आला की तिथला पहिला निरोप्या आतल्या दुसऱ्याला ढोसतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप पेशीच्या मध्यभागी, केंद्रकातल्या साहेबापर्यंत जातो. मग साहेब ठरवतो, लढायचं की झोपायचं. चोर शिरल्याचा निरोप वेगळा. लढाई संपली, आता शांत व्हा, हा निरोप वेगळा. तो दुसरा नसेल तर आपलेच शिपाई आपलंच घर जाळतील.

"पाव्हण्यानं काय केलं, तो शांत व्हायचा निरोपच चोरला. हुबेहूब नक्कल. आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच दारोदार सांगत सुटला, सब खैरियत! सो जाओ! शिपाई बिचारे खुश. शस्त्रं खाली, डोळे बंद."

हे ऐकल्यापासून 'सब खैरियत' हे ताईंचे शब्द आमच्या घरातही रुळले. मात्र त्यांच्या तोंडी त्यांचा अर्थ नेमका उलटा. वॉचमन म्हणाला की टाकी भरली आहे, तर ताई म्हणणार, "सब खैरियत बोलतोय? मग नक्की कुठंतरी गळतंय." बिल्डिंगच्या मीटिंगला सेक्रेटरींनी सगळं सुरळीत असल्याचं सांगितलं की ताई हात वर करून विचारणार, "निरोप कुणाचा? मूळ कुणाचा?" दोन मीटिंगांनंतर सेक्रेटरी त्यांना मीटिंगची वेळ चुकीची सांगायला लागले.

ताईंचा स्वतःचा दावा याच्या एक पायरी पुढचा होता आणि त्यांची उमेदीची वर्षं त्यात गेली होती. त्यांचं म्हणणं, खोट्या निरोपानं शिपाई नुसता झोपत नाही, तो निरोप खिडकीच्या आतली निरोप्यांची साखळीच खिळखिळी करून ठेवतो. मग नंतर खरा धोक्याचा निरोप आला तरी तो साहेबापर्यंत पोचत नाही. आणि हे पहिल्याच भेटीत घडतं. परदेशातल्या तज्ज्ञांनी त्यांचा लेख दर वेळी एकाच वाक्यानं परत पाठवला. तुम्ही ज्यांचं रक्त वापरलं त्यांच्या अंगात हा विषाणू लहानपणापासून आहे. तुम्हाला दिसतेय ती जुनी सवय, पहिल्या भेटीतली फसवणूक कशावरून?

म्हणजे ताईंना हवं होतं पाव्हण्यानं कधीच न शिवलेलं, कोरं रक्त. मार्चअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. खोली दुसऱ्याला मिळणार, मशिनं दुसऱ्याला मिळणार, आणि दावा तेवढा कपाटावरच्या धुळीत राहणार.

"बाहेरून मागवा की," मी म्हणालो.

"पेशी गोठवून येतात हो. वितळल्यावर त्यांचा मूड गेलेला असतो. झोपलेल्या शिपायाला मी झोपवून काय दाखवू?"

प्रयोगशाळेच्या नीतिसमितीची परवानगी होती, माणसानं राजीखुशीनं येऊन रक्त द्यायचं होतं. अडचण एकच, असा माणूस आपल्याकडे मिळत नाही. दोन मिळाले. एक मुलगी जर्मनीत वाढलेली, एक मुलगा कॅनडात. दोघांच्याही रक्तात ताईंच्या मनासारखं घडलं. पण ताईंचा नियम होता, एक म्हणजे नवल, दोन म्हणजे योगायोग, तीन म्हणजे विज्ञान. आणि तिसरा इथलाच हवा, इथल्या मातीत वाढलेला. नाहीतर तज्ज्ञ म्हणणार, थंड देशातल्यांचं काय सांगता!

म्हणून ती साडीच्या दुकानातली मुक्यांची चौकशी. ताई बँकेत, भाजीच्या गाड्यावर, दवाखान्याच्या रांगेत माणसं हेरू लागल्या. तुसड्या चेहऱ्याची, एकलकोंडी माणसं दिसली की त्यांना आशा वाटायची. एकदा माझ्या कोचिंग सेंटरमध्ये येऊन त्यांनी भरल्या वर्गाला विचारलं, "ज्यांना आईनं कधी आपल्या ताटातलं भरवलं नाही, त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. उलट शेवटच्या बाकावरची वसतिगृहातली एक मुलगी आईच्या आठवणीनं रडायला लागली, तिचं बघून दुसरी. न्यूटनचा तिसरा नियम त्या दिवशी तसाच राहिला.

माझंही रक्त तपासलं. आम्ही सात चुलत भावंडं एका परातीत जेवून वाढलेलो. अहवाल पाहून ताई म्हणाल्या, "तुमच्यात तर जत्रा भरलीय. आईबापांनी काय कमी लाड केले!" आणि असा काही उसासा सोडला की मला आईचा रागच आला.

तोवर तपासणी बाहेरून व्हायची, जानेवारीत ताईंच्या प्रयोगशाळेनं तपासणीचं किट स्वतःच आणलं. त्यात कंपनीची एक बाटली असते. तिच्यात पाव्हण्याच्या खुणा असलेलंच द्रव असतं, ते घातल्यावर रंग आला की किट चालू आहे असं समजायचं. ताईंचा कंपनीवर विश्वास नाही. "त्यांची बाटली त्यांचीच साक्षीदार," असं म्हणून त्यांनी खात्रीचा पुरावा म्हणून स्वतःचं रक्त दिलं. अख्खी नोकरी या विषाणूत गेली, आपल्याला तो नसेल असं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. स्वतःची तपासणी त्यांनी कधी केलीच नव्हती. कशाला करतील? हलवाई साखर गोड आहे का हे रोज चाखून बघतो का?

रंग आला नाही.

ताईंनी फोनवर कंपनीच्या माणसाला अस्सल दखनीत असं झापलं की आमच्या दारापर्यंत ऐकू आलं. "क्या पानी बेच रै क्या तुम लोगां? किसकू उल्लू बना रै?" दुसरं किट आलं. रंग नाही. ते परत गेलं. तिसरं घेऊन कंपनीचा साहेब स्वतः आला, पेढे घेऊन. रंग नाही. साहेब पेढे तिथेच ठेवून निघून गेला.

शेवटी ताईंची विद्यार्थिनी प्रत्युषा, जी एरवी मॅडमसमोर शिंकतेसुद्धा परवानगी घेऊन, ती म्हणाली, "मॅडम, किट सही है, बाकी सबके खून में रंग आ रहा है. तीनों सही थे. गलत... आप हैं."

त्या दिवशी ताई दुपारीच घरी आल्या. दाराचं कुलूप न काढता जिन्यावर बसल्या. मी क्लासला निघालो होतो. मला सगळं सांगितलं. मी आनंदानं ओरडलोच, "अहो, मग मिळाला की तिसरा! इथल्याच मातीतला!"

"हौ, मिळाला," त्या म्हणाल्या. "गावभर विचारत फिरले, तुमचे कुणी लाड केले का म्हणून. आणि सगळ्या हैदराबादेत एक मीच निघाले, जिचे कुणी केले नाहीत. रक्तच सांगतंय, जाधव सर. त्याला खोटं कसं म्हणू?"

मी क्लासची बॅग पायरीवर ठेवून मंगलला हाक मारली.  मंगल बाहेर आली, तिनं ताईंना हाताला धरून आत आणलं आणि पाणी दिलं. मग ताई बोलल्या. एवढ्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच घरचं बोलल्या.

त्यांची आई त्यांच्या जन्मानंतर लगेच गेली. दूध मिळालंच नाही. वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून आलेले, इथे छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांच्या लहानपणी गावातल्या वाड्यांवरून उरलंसुरलं, उष्टं अन्न त्यांच्या वस्तीला मिळायचं आणि त्यावर घर चालायचं. बौद्ध झाल्यावर त्यांनी स्वतःशी नेम केला, या घरात उष्टं शिवायचं नाही. कुणाचंच नाही, एकमेकांचंसुद्धा नाही. खोली एवढीशी, भांडी मोजकी, पण बाप-लेकीची ताटं वेगळी, पेले वेगळे. पोरीच्या ताटात भाकरी उरली तर स्वतः खायची नाही, आपला घास तिला भरवायचा नाही. दूध गरम आहे का हे मनगटावर थेंब टाकून बघायचे, तोंड लावायचे नाहीत. मुका घेणंही त्यांना त्यातलंच वाटायचं.

आमच्या गावातही एक मोठा वाडा होता आणि तो आमच्याच भावकीचा होता. मी खाली बघून ऐकत राहिलो.

"तसे नव्हते हो बाबा," ताई एकदम म्हणाल्या, जणू आम्हीच काही बोललो होतो. "रोज शाळेत जाताना माझ्या गालांवरून हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायचे. छापखान्याच्या शाईनं बोटं काळी असायची. शाळेत पोरी हसायच्या, माझ्या गालावर रोज डाग म्हणून."

मंगलनं डोळे पुसले. ताईंनी मात्र पेला खाली ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ती ओळखीची लकाकी परत आली. त्या उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे बघा! पाव्हण्याला यायला वाटच ठेवली नाही माझ्या बापानं. त्यानं बंदोबस्त केला, म्हणून मी कोरी. आता बघतेच त्या तज्ज्ञांकडे!"

दुसऱ्या दिवसापासून ताईंची सोवळ्यातली मिरवणूक सुरू झाली. प्रयोग पक्का व्हायला रक्त पुन्हा पुन्हा लागणार होतं, तोवर कोरं राहणं भाग होतं. आमची नात मिनू तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. लेक-जावई नोकरीला जातात म्हणून दिवसभर आमच्याकडे असते. "तान्ही पोरं म्हणजे पाव्हण्यांनी भरलेली बस," असं ताई पूर्वीपासून म्हणायच्या आणि लहान मुलांना लांबूनच नमस्कार करायच्या. आता तर मिनू दारात दिसली की पदर नाकाला लावून भिंतीला चिकटून जायच्या. मिनूला वाटलं हा खेळ आहे. ती लाळ गाळत, दोन्ही हात पसरून त्यांच्यामागे धावायची आणि एक नामवंत शास्त्रज्ञ जिन्यावरून पळत सुटायची. वॉचमननं मला हळूच विचारलं, "मॅडम को बच्चों का डर है क्या सार?"

प्रयोगशाळेचा एक कडक नियम आहे, स्वतःच्या रक्तावर स्वतः प्रयोग करायचा नाही. तो नियम ताईंनीच लिहिला होता. त्यामुळे रक्त देणारी बाई म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावर बसावं लागलं. रक्त दिलेल्या माणसाला ज्यूस आणि बिस्किटाचा पुडा मिळतो, तोही त्यांना मिळाला. मी स्कूटरवरून त्यांना घेऊन गेलो होतो. आयुष्यभर त्या काचेच्या आतून बाहेर बघणारी बाई बाहेरून आत बघत होती आणि दर पाच मिनिटांनी काचेवर टकटक करत होती. "प्रत्युषा, हल्लू हलव! हल्लू!" आतून प्रत्युषानं शांतपणे पडदा ओढून घेतला. तो पडदाही ताईंनीच मंजूर केला होता.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी काय दिसायला हवं हे त्यांनी मला बाकावरच समजावलं. पेशींना धोक्याचा खरा निरोप द्यायचा. तो आत साहेबापर्यंत पोचला की सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध हिरवा दिवा लागतो. पण आधी पाव्हण्याचा खोटा निरोप दिलेला असेल तर अंधार. आणि खोटा निरोप वाटेतच अडवला तर दिवे परत लागले पाहिजेत. आधी उजेड, मग अंधार, मग पुन्हा उजेड. यातलं एक जरी चुकलं तरी सगळं गेलं. मी पोराच्या निकालाची वाट बघत बसलेल्या बापासारखा ज्यूसचा डबा चुरगाळत बसलो.

पडदा सरकला. प्रत्युषा काचेपाशी आली. चेहऱ्यावर काही नाही. ताई उठल्या, बसल्या, परत उठल्या. मग त्या पोरीनं हाताची मूठ उघडली, मिटली, उघडली. उजेड, अंधार, उजेड. आणि हातमोजे काढून फेकून ती तिथल्या तिथे तीनमार नाचायला लागली, तेलंगणातल्या वरातीत नाचतात तसा, खांदे उडवत. सोबतचे दोघे टेबलं बडवू लागले. ताईंनी बूट आपटत बाहेरून ताल धरला. मीही नाचलो. मला नाचता येत नाही, पण तिथे ते कुणी बघत नव्हतं.

लेख गेला आणि या वेळी परत आला नाही. स्वीकारल्याची बातमी निवृत्तीच्या आठवड्यात आली. तज्ज्ञांनी शेवटी लिहिलं होतं की तिसऱ्या दात्याचा पुरावा निर्णायक आहे. ताई ते वाक्य वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना वाचून दाखवत होत्या. सेक्रेटरींनी बिल्डिंगतर्फे शाल दिली आणि मीटिंगची वेळही बरोबर सांगितली.

त्या संध्याकाळी ताई डबल का मीठा, म्हणजे इथला पावाचा गोड पदार्थ, घेऊन आमच्याकडे आल्या. पहिल्यांदाच त्या आतल्या खोलीत येऊन खाली सतरंजीवर बसल्या. मिनू हात पसरून धावली. ताई पळाल्या नाहीत. मिनू दचकली, कारण खेळाचा नियमच मोडला होता. मग ती सावकाश त्यांच्या मांडीवर चढली, त्यांनी दोन घास खाल्लेल्या बशीत पंजा घातला आणि तुपातला पावाचा तुकडा उचलून अर्धा खाल्ला. उरलेला, लाळेनं माखलेला अर्धा, तिनं ताईंच्या तोंडासमोर धरला.

"अगं मिनू, उष्टं नाही द्यायचं मावशीला!" मंगल जवळजवळ किंचाळली. तिला जिन्यावरची ती दुपार आठवली होती. मलाही. आमच्या घरातलं उष्टं, आणि या बाईला! मी मिनूचा हात धरायला पुढे झालो.

"राहू दे, जाधव सर," ताई म्हणाल्या. "आधी तिनं माझ्या बशीतलं खाल्लंय. माझं उष्टं तिनं खाल्लं, तिचं मी खाईन. अशा बरोबरीच्या उष्ट्याला बाबांचीही ना नसती." आणि त्यांनी तोंड उघडलं. मिनूनं तो तुकडा कोंबला, चार बोटांसकट. मग गालाला गाल लावून तिनं एक ओला, लांबलचक मुका घेतला. ताई डोळे मिटून बसून राहिल्या. गाल पुसला नाही.

मंगल घाबरून म्हणाली, "अहो ताई, तुम्हाला तो पाव्हणा..."

"येऊ दे. काम झालंय माझं," ताई म्हणाल्या.

मध्ये काही आठवडे गेले. ताईंना ताप आला, अंग मोडून आलं, मंगलनं त्यांना पेज करून नेली. नंतर एका सकाळी आमची बेल कुणीतरी दाबूनच धरली. दार उघडलं तर ताई, हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा तापानं उतरलेला आणि हसून हसून लाल झालेला.

"जाधव सर! मंगल! रंग आला!"

"कसला रंग?"

"प्रत्युषाच्या किटमध्ये हो! माझ्या रक्ताला रंग आला! आला पाव्हणा!"

विषाणू अंगात शिरला म्हणून पेढे वाटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मी म्हटलं, "अहो, पण तो मिनूचाच कशावरून? बाहेरून कुठूनही आला असेल."

"मी दुसऱ्या कुणाचं उष्टं खाल्लंय?" त्या ठसक्यात म्हणाल्या. आमच्या आवाजानं जागी झालेली मिनू डोळे चोळत दारात आली होती. ताईंनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हे आता जात नाही, जाधव सर. ही मोठी होईल, नोकरीला, लग्नाला कुठंही लांब जाईल, मला विसरूनही जाईल. पण हिनं दिलेलं माझ्याजवळ मरेपर्यंत राहील."